घर ठरलेली घागर

घागरवाल्या नानांनी “तब्येत कशी शे?” असं विचारलं की आमच्या प्रकाशा गावातली धडधाकट माणसंसुद्धा आलेला खोकला दाबायची. नाना विचारत प्रेमानंच, पण विचारताना डोकं कलतं करून कान पुढे आणत. भाजलेल्या मडक्यावर टिचकी मारून ते असाच कान लावायचे.

खरं तर नाना फ्रीज दुरुस्त करणारे. बापाचं चाक माळ्यावर टाकून तरुणपणी ते फ्रीजकडे वळले आणि पन्नाशीत फ्रीज सोडून पुन्हा चाकावर बसले. गावानं वेड्यात काढलं. घरोघरी थंड पाणी असताना मडकी घेणार कोण? नाना शांतपणे म्हणत, “जिवत माणूस फ्रीजनं पानी पी. मरेल माणूसले घागरच लागस.” आणि ते खोटं नव्हतं. आमच्या खानदेशात घरातलं माणूस गेलं की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या नावानं कोरी घागर भरावीच लागते. वर डांगर म्हणजे खरबूज, आंबा, गोड सांजोरी. ते पाणी पितरांचं. जिवंत माणसानं त्याला तोंड लावायचं नसतं.

सुरतेची मिल बंद पडून मी गावी परतलो, तेव्हा पुढे काय करायचं हा घोर होता. बायको म्हणे, दुसरी मिल बघा. शेजारचे नाना म्हणाले, “मन्हासंगे बस. तठे आज शे, सकाय नही. हाऊ धंदा मरस नही, भाऊ. मरनारा येतच ऱ्हातस.” अंगावर काटा आला आणि हसूही आलं. रिकामं बसण्यापेक्षा बरं, म्हणून माती मळायला जाऊ लागलो.

भट्टी उघडली की नाना प्रत्येक घागर पाण्यानं भरून ठेवत, पाझरते का बघायला. मागणीपेक्षा एक घागर नेहमी जास्त निघे. कशी, ते त्यांनाही सांगता येत नसे. ती ते कोपऱ्यात वेगळी ठेवत. गिऱ्हाइकानं बोट दाखवलं तर ती न देता म्हणत, “हाई देवानी नही. हिनं घर ठरेल शे.” कोणाचं घर, ते सांगत नसत. आखाजीपर्यंत गावात कोणीतरी जाई आणि घागर त्या घरी पोचे.

एकदा भर उन्हात मी तापीकाठची माती घेऊन आलो. डोळ्यांपुढे अंधारी. हाताशी आली त्या घागरीत तांब्या बुडवला आणि गटागटा प्यायलो. पाणी इतकं गार की दात ठणकले. वळून बघतो तर नाना उभे.

“कोनती घागरमाईन पिना?”

मी कोपऱ्याकडे बोट केलं. नानांचा चेहरा उतरला. त्यांनी घागरीला टिचकी मारली, कान लावला. मग अख्खी घागर उचलून तोंडाला लावली. पाणी गळ्यावरून, सदऱ्यावरून ओघळत होतं. रिकामी घागर खाली ठेवून त्यांनी मिशा पुसल्या.

“आते मन्ही शे,” ते म्हणाले. “तू चाक सोडू नको.”

आखाजीच्या आत नाना झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. असेलही. असल्या गोष्टी मी मानत नाही, असं बायकोला ठणकावून सांगितलं आणि आठवडाभर त्या अंगणात एकटा गेलो नाही. आखाजीला नानांच्या घरी तीच घागर भरली. ती पाटावर ठेवताना मी वडिलांच्या वेळी रडलो नव्हतो इतका रडलो.

सुरतेहून बोलावणं आलं, गेलो नाही. धंदा नाना म्हणाले तसाच आहे, त्याला मंदी ठाऊक नाही. मी मागणीपुरत्याच घागरी घडवतो, तरी भट्टी उघडली की एक जास्त निघतेच. ती कोपऱ्यात ठेवतो. टिचकी मारून ऐकायचं धाडस अजून होत नाही. उन्हातून आलेल्या कोणी पाणी मागितलं, तर आधी उठून कोपरा अडवून उभा राहतो आणि बायकोला फ्रीजमधली बाटली आणायला सांगतो.