मामाने रंगवलेलं शून्य

माझा मामा पाट्या रंगवायचा. त्याच्या हाताला इतकं वळण होतं, की त्याने नुसत्या ब्रशने ओढलेली रेघ लोक पट्टी लावून बघायचे आणि पट्टी खिशात घालायचे. फ्लेक्स आले आणि पाट्यांची कामं आटली, पण मामा डोक्याला हात लावून बसला नाही. पाण्याच्या टाक्या, शाळांचे फळे, टेम्पोचे नंबर, जे मिळेल ते तो रंगवत राहिला. लग्नाचं तेवढं राहून गेलं. आधी बहिणींची लग्नं, मग आजोबांचं आजारपण, आणि त्यानंतर कुणी विषय काढेनासंच झालं. तो एकटा राहायचा, पण रडका नव्हता. शिडीवर चढला की शीळ घालायचा.

साठीला टेकला असताना त्याला आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळालं. गावातल्या संग्रहालयात एक लांबलचक बोळ होता. त्याच्या पूर्ण भिंतीवर काळाचा पट्टा रंगवायचा होता. एका टोकाला दगडी हत्यारांचा काळ, दुसऱ्या टोकाला आपला. तिथल्या मॅडमनी समजावलं, "मधोमध इसवी सन सुरू होतो. उजवीकडे वर्षं वाढत जातात. डावीकडे इसवी सनापूर्वीची, म्हणजे जितकं मागे जाल तितका आकडा मोठा." एवढं सांगून त्या परगावी गेल्या.

मामाने मधूनच सुरुवात केली. दोन्हीकडे आकडे वाढतात, म्हणजे मधे शून्य हवं, हे त्याला सांगावं लागलं नाही. आणि शून्य म्हणजे त्याचा जीव. चार दिवस खपून त्याने परातीएवढं लालभडक शून्य काढलं, वर सोनेरी काठ. मग दोन्ही बाजूंना शंभर, दोनशे, तीनशे अशी आखणी केली.

मॅडम परत आल्या आणि शून्यासमोर उभ्या राहिल्या. "काका, सुंदर झालंय," त्या म्हणाल्या. "पण हे वर्ष कधी आलंच नाही."

"म्हणजे?"

"इसवी सनापूर्वी एक हे वर्ष संपलं, की लगेच इसवी सन एक. मधे शून्य नाही. बाळ जन्मलं की त्याचं पहिलंच वर्ष सुरू होतं ना? शून्यावं वर्ष चालू आहे असं कुणी म्हणतं का?"

मामाला ते पटेना. तेव्हा मॅडमनी विचारलं, "बरं, इसवी सनापूर्वी दहामध्ये एक माणूस जन्मला. इसवी सन दहाच्या वाढदिवसाला तो किती वर्षांचा?"

"वीस."

"एकोणीस. तुमच्या शून्याने त्याला एक वर्ष फुकटचं जगवलं."

मामाने बोटं मोजली. पुन्हा मोजली. मग पॉलिश पेपर आणायला गेला.

बोळाच्या टोकाशी चहाचं कँटीन होतं. ते चालवणाऱ्या बाई मामाच्याच वयाच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी गावातच सासरी. मामा शून्य घासतोय आणि तोंड एवढंसं झालंय, हे पाहून त्या पेला घेऊन आल्या.

"एवढं चांगलं का खरवडताय?"

मामाने सगळं सांगितलं. त्या भिंतीच्या डाव्या बाजूला गेल्या. तीनशे, दोनशे, शंभर. "मग हे लोक उलटे मोजायचे? पुढच्या वर्षी आकडा एकाने कमी?"

"छे. त्यांना काय ठाऊक, ते कशाच्या आधी आहेत ते. मॅडम म्हणाल्या, त्यांची मोजणी वेगळी होती. कुणी राजा गादीवर बसला तिथून मोजायचं, कुणी शहर वसलं तिथून. इसवी सनाची सुरुवातसुद्धा पाचशे वर्षांनी कुणीतरी मागे मोजून ठरवली."

"बरंय की," बाई म्हणाल्या. "मी कँटीनपासून मोजते. मुलीचं लग्न कँटीननंतर, दाढ काढली ती कँटीनच्या आधी." आणि इतक्या मनापासून हसल्या, की मामाही हसला आणि हातातला पॉलिश पेपर पेल्यात पडला.

त्यानंतर रोज चहा यायला लागला. मामा रंगवत असताना बाई खाली स्टुलावर बसायच्या आणि त्याच्या घोड्यांना नावं ठेवायच्या. "हा घोडा नाही, कान वाढलेली शेळी आहे." मामा घोडा पुसून पुन्हा काढायचा. पट्टा पुढे सरकत गेला, तसं त्याचं शीळ घालणंही वाढलं. आईने फोनवर विचारलं, "काम कधी संपणार?" तर म्हणाला, "संपवायची घाई काय आहे?" आई तिथेच काय ते समजली.

आजच्या काळापर्यंत पट्टा पोचला त्या दुपारी मामा शिडीवरून उतरला, हात पुसले आणि कँटीनच्या फळीसमोर उभा राहिला.

"सुरुवात मागाहून ठरवता येते, हे पटलंय ना तुम्हाला?"

"पटलंय की."

"मग माझी आतापर्यंतची सगळी वर्षं पूर्वीची धरली तर चालेल का? पुढची तुमच्याबरोबर मोजावीत म्हणतो."

बाईंनी गॅस बारीक केला. "मधे शून्य नसतं म्हणालात ना?"

"नसतं."

"म्हणजे लगेच पहिलं वर्ष."

"लगेच."

"मग मुलीला फोन करते," त्या म्हणाल्या. "तिला आधी हसू द्या. नंतर तारीख ठरवू."

मुलगी हसली, आणि रडलीही. लग्न सरकारी कचेरीत झालं. साक्षीदार म्हणून आई, मॅडम आणि बाईंची मुलगी. मामाने नवा शर्ट घातला होता, पण कोपराला निळा रंग होताच. सही करताना त्याने अक्षर इतकं वळणदार काढलं, की कारकून म्हणाला, "काका, मागे रांग आहे."

बोळ उघडला तेव्हा मी गेले होते. जिथे मामाचं शून्य होतं, तिथे आता एक बारीक काळी रेघ आहे, थेट खाली फरशीवर उतरलेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकचा आकडा. शाळेची मुलं रेघेवर एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून उभी राहत होती. त्यांच्या शिक्षिका ओरडत होत्या आणि मामा त्यांना म्हणत होता, "राहू द्या हो, रंग पक्का आहे."

गेल्या महिन्यात दुसऱ्या गावच्या संग्रहालयाने त्याला बोलावलं. कँटीन मुलीवर सोपवून मामीही गेली. परवा तिचा आईला फोन आला, "इथला चहा म्हणजे नुसतं पाणी आहे. पण भिंत आपल्या भिंतीच्या दुप्पट. आम्ही काही इतक्यात येत नाही."