रेवाचे कान अन् गावाची अक्कल

ज्या घरात दुखणं येते, तिथं किस्से बोलवावे लागत नाहीत. भेटायला येणारेच घेऊन येतात. माझ्या नातीच्या, रेवाच्या कानापायी आमच्या देवरीकडच्या गावानं एवढे आणले की ठेवायला जागा नाही.

* * *

रेवा जन्मली अन् रडेचना. दिवसभर झोप. दुधासाठी उठवावं लागे.

शेजारची सगुणाबाई म्हणाली, "काय गुणाची पोर आहे जी. आमचा नातू तं गल्ली उठवते."

आम्हीही फुगलो. तीन महिने फुगूनच होतो.

* * *

मग गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. म्हणाल्या, "गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जन्मापासून काम करत नाही. तिच्या रसावर मेंदू वाढतो, कानही घडतो. गोळी रोज द्या. ऐकू येतं का, तेही तपासत राहा."

शेजारचा पांडुरंग शिकलेला, चौथी पास. म्हणाला, "रोग गळ्यात अन् तपासाचा कान? उद्या गुडघा दुखला तं दात उपटतीन."

* * *

तपासायचं काम गावानंच घेतलं. जो येई तो रेवाच्या मागं थाळी बडवी. ती वळे. पास.

एकदा मी भिंतीआडून हाक मारली. मग जोरात मारली. पोर खेळतच राहिली. थाळीवाल्याची सावली तिच्यापुढं पडायची, ती पाहून वळत होती. एवढ्या शहाण्यांत सावली एकालाही दिसली नाही.

* * *

गोळीनं रेवा चालायला लागली, खोड्या करायला लागली.

पांडुरंग म्हणे, "बरी झाली ना, आता गोळी कायले देऊन राहिले?"

आमची म्हातारी म्हणाली, "भाऊजी, काल पोटभर जेवले होते ना? मंग आज कायले जेवता?"

* * *

शाळेत गुरुजींनी तिला शेवटी बसवलं. पुढं हुशार पोरं बसतात म्हणे.

मी म्हटलं, "गुरुजी, हुशारायले मागूनही ऐकू जाते. हिले पुढं घ्या."

गुरुजींनी खोल विचार केला. आठ दिवस लागले.

* * *

गोंदियाला तपासून कानाला ऐकायचं यंत्र लावलं, त्याला सहा महिने झाले, तरी रेवाचं बोलणं दोन शब्दांपुढं जाईना. ही कधी बोलेल का, म्हणून सून लपून डोळे पुसे.

एका सकाळी अंगणात पांडुरंग वाकून तिच्या कानात ओरडला, "रेवाऽऽ, जेवली काऽऽ?" सगुणाबाई त्याच्याहून मोठ्यानं.

रेवानं दोन्ही कान झाकले.

"हळू बोला ना जी. मी का बहिरी आहो?"