सुधीररावांचं निदान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमची जुनी गाडी का बंद पडायची हे माझे साडू सुधीरराव यांनी बरोबर ओळखलं होतं. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे मी ती दुरुस्त केली, आणि त्यांनी विचारलं तेव्हा त्यांच्या तोंडावर खोटं बोललो. सुधीरराव जाऊन आता काही आठवडे झाले. बातमी आली तेव्हा मी त्याच गाडीत होतो. परळला सिग्नलवर उभा असताना माझ्या बायकोचा, नीताचा फोन आला. "भावोजी गेले... झोपेतच. ताई एकटीच आहे तिथे, तू सरळ दादरला ये." क्लचवरचा पाय कधी सुटला कळलं नाही, आचका देऊन इंजिन बंद पडलं. मागून हॉर्न सुरू झाले. मी चावी फिरवली आणि गाडी लगेच सुरू झाली. भर दुपारी, चांगली तापलेली गाडी, एका सेल्फमध्ये. रडू आलं नाही. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

गाडी आमच्या सासऱ्यांची. गिरगावातल्या वाडीत त्यांची हक्काची जागा होती, तिथेच ती उभी असायची. जाताना ते सांगून गेले, दोघे जावई मिळून वापरा, विकू नका. दोन साडूंना मिळून एक गाडी देणं म्हणजे काय हे ज्याला साडू आहे त्यालाच कळेल. एक आठवडा त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. रविवारी सकाळी ते दादरहून बसने यायचे, चावी घ्यायचे आणि गाडीभोवती एक फेरी मारायचे. "मिलिंदराव, हा ओरखडा गेल्या रविवारी होता का हो?" मी म्हणायचो, "सुधीरराव, तो तुमच्याच आठवड्यातला. मी फक्त सांभाळलाय." ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, बँकेतून निवृत्त झालेले. आम्ही एकमेकांना कायम अहो-जाहो केलं आणि त्या अहो-जाहोच्या आडून जे काही बोलायचं ते बोलून घेतलं. माणूस चिकट होता. एखादी गोष्ट धरली की सोडायचा नाही. जेवताना कढीत काय कमी आहे यावरही त्यांची चौकशी चालायची, त्यांची बायको, म्हणजे नीताची थोरली बहीण विद्याताई, वैतागून पानावरून उठून जाईपर्यंत.

मग गाडीला ते दुखणं लागलं. सकाळी थंड असताना एका झटक्यात सुरू व्हायची. तासभर चालवून कुठे थांबलात, दहा मिनिटांनी परत आलात, की संपलं. सेल्फ घ्यायची, घर्र घर्र करत राहायची, पण पकडायची नाही. अर्धा तास गेला, इंजिन निवलं, की जणू काही झालंच नव्हतं. गॅरेजमध्ये न्यावी तर तिथे पोहोचेपर्यंत ती थंड झालेली. मेकॅनिक चावी फिरवणार, गाडी सुरू होणार आणि तो माझ्याकडे असा बघणार, की साहेब, तुमचीच तब्येत दाखवून घ्या. एकाने बॅटरी बदलली, दुसऱ्याने प्लग, तिसऱ्याने पेट्रोलचा पंप. कॉम्प्युटर लावून बघितला, त्यातही काही दिसेना. मी पार कावलो होतो. शिवाय मनात पक्कं बसलं होतं, की हे सुधीररावांनीच काहीतरी करून ठेवलंय. आणि त्यांच्या मनात माझ्याबद्दल तेच असणार.

एका रविवारी आमच्याकडे सगळे जेवायला होते. सुधीररावांनी भात कालवता कालवता विषय काढला. "मिलिंदराव, गाडी गरम असताना तुम्ही सेल्फ मारता तेव्हा आरपीएमचा काटा बघितलाय कधी?" मी म्हटलं, काट्याकडे कोण बघतं. "तेच तर. थंड असताना सेल्फला काटा थोडा हलतो. गरम असताना जागचा हलत नाही. म्हणजे इंजिन फिरतंय हे गाडीला कळतच नाही. ते कळवणारा एक सेन्सर असतो, खाली गिअरबॉक्सच्या बाजूला. तो तापला की मुका होतो. आता बंद पडली की त्याच्यावर बाटलीभर गार पाणी ओता. लगेच सुरू झाली तर चोर तोच." समजवताना त्यांनी ताटातलं लिंबू इंजिन म्हणून मध्ये ठेवलं होतं. सगळे ऐकत होते. आणि मी म्हटलं, "पाणीच कशाला, सुधीरराव? पंचामृत आणतो. रीतसर अभिषेक करू." पोरं हसली, नीता हसली, विद्याताईही हसल्या. सुधीररावही हसले. लिंबू उचलून त्यांनी भातावर पिळलं.

पुढच्याच आठवड्यात ते विद्याताईंना गुडघ्यासाठी गिरगावला डॉक्टरांकडे घेऊन गेले. येताना लालबागला औषधांच्या दुकानापाशी थांबले आणि गाडी अडली. मागे बस, टेम्पो, रांगच लागली. कुणीतरी ओरडलं, "काका, जमत नाही तर गाडी कशाला काढता?" त्यांनी बॉनेट उघडलं, पिण्याच्या पाण्याची बाटली घेतली आणि वाकले. सेन्सर खोल आत असतो, त्यांचा हात तिथवर पोहोचला नसणार. घाईत पाणी भलतीकडेच सांडलं, वाफ आली, लोक बघायला जमले. शेवटी हवालदाराने चारजणांकडून गाडी ढकलून कडेला लावली. त्यांची मुलगी मुग्धा ऑफिसातून धावत आली आणि तिने चावी काढून घेतली. "बाबा, बास आता." घरात त्याची गोष्ट झाली ती अशी: बाबांनी भर रस्त्यात तापलेल्या इंजिनवर पाणी ओतलं. ते पाणी का ओतलं हे त्या जेवणाला हजर असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण माझ्या विनोदानंतर ते कुणाला खरं वाटणार? ही गोष्ट चार ठिकाणी मीही सांगितली, अभिषेकासकट.

गाडी पूर्ण माझ्याकडे आली. पावसाळा सरल्यावर एकदा चिराबाजारात मी एकटाच होतो आणि ती बंद पडली. मी काट्याकडे बघितलं. सेल्फ फिरत होता आणि काटा जागचा हलत नव्हता... ओळखीचं कुणी नाही ना हे आधी बघून घेतलं, मग बाही वर करून हात आत घातला. कोपराला चटका बसला. चाचपडत सेन्सरची वायर सापडली, तिच्या अंदाजाने बाटली ओतली. चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली. माणसाला आनंद व्हायला हवा. मी स्टिअरिंगवर हात आपटला. म्हातारा बरोबर होता, हा पहिला विचार आला, आणि दुसरा, की हे आता कुणाला सांगायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी लालबागच्या एका गॅरेजात सेन्सर बदलून घेतला. "कसं ओळखलंत, साहेब?" मेकॅनिकने विचारलं. मी म्हटलं, "अंदाज." त्यानंतर गाडी परत कधी अडली नाही.

दिवाळीत दादरला गेलो. मुग्धा म्हणाली, "काकांच्या हातात गाडी कशी शहाण्यासारखी वागते." सुधीरराव खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले आणि हळूच विचारलं, "काय निघालं हो शेवटी?" त्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं. मी चकली मोडली आणि म्हटलं, "काही नाही निघालं. नीट चालवली की चालते."

ते म्हणाले, "असेल. हल्ली माझंच काही खरं नाही."

मी तेव्हा सांगू शकलो असतो. एका वाक्याचं काम होतं. पण सगळे बसले होते, आणि मला वाटलं, पुन्हा केव्हातरी.

परवा भेटायला गेलो तेव्हा विद्याताई बोलत होत्या. शेवटच्या वर्षात यांना कशाचा भरवसाच राहिला नव्हता, म्हणाल्या. गॅस बंद केला का, हे मला उठवून विचारायचे. बँकेत सही केली की मुग्धाला दाखवायचे, बघ गं, नीट आलीये ना. शब्दकोडं रोजचं, तेही सोडलं. "एवढा हुशार माणूस हो, मिलिंदराव... डोकं आधीच सुटत चाललं होतं, आम्हालाच कळलं नाही. गाडीचं झालं तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं." मुग्धा म्हणाली, "बरं झालं, वेळेत चावी काढून घेतली." मी चहाचा कप हातात धरून बसलो होतो. आतून तडफड होत होती, की अगं, तिथे काहीही सुटलेलं नव्हतं, त्या दिवशी लालबागला जमलेल्या सगळ्या माणसांत काय चाललंय हे एकट्या त्यांनाच कळत होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "हो, वयच होतं."

निघताना दाराशी त्यांचा चष्मा दिसला. बाहेर जाताना विसरू नये म्हणून ते तो आतल्या कडीला दोरीने अडकवून ठेवायचे, आधी कधी न विसरणारा माणूस. कुणी काढलेला नाही. दार उघडलं की तो दारावर आपटतो.

सुधीररावांची माफी मागायची वेळ गेली. पण त्यांचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं आणि चूक माझी होती, हे विद्याताईंना आणि मुग्धाला समोर बसून सांगणं बाकी आहे. ते मी अजून केलेलं नाही.