भुईचाफा आणि प्लास्टिकची शेवंती

दिवाळीनंतर आई रत्नागिरीहून आमच्याकडे राहायला आली. आमच्या मते कायमची, तिच्या मते पाहुणी. सोबत एक कापडी पिशवी आणि भुईचाफ्याचे चार कंद. कंद दिसायला थेट आल्यासारखे. बायकोने एक चहासाठी ठेचायला घेतलाही होता.

"हा फणसाखाली येतो. शिमग्यानंतर नुसत्या भुईतून फूल काढतो, पान न्हाय न् काय न्हाय," आईने जाहीर केलं. "इथे फुलला तर राहीन. नायतर मला गाडीत बसवून द्यायचं."

कपाटातला अख्खा खण मी तिच्यासाठी मोकळा केला होता. ती मात्र पिशवीतूनच लुगडं काढायची आणि धुऊन परत पिशवीतच ठेवायची. माझं डोकं फिरायचं. खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. गावात ती एकटी, त्यात तिचे ते गुडघे.

आम्ही भाईंदरला, गोडदेव भागात तळमजल्यावर राहतो. सोसायटीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक, फक्त आमच्या स्वयंपाकघरामागे मातीची एक पट्टी उरलेली. तिथे फणस नव्हता, पण मागे सात मजली इमारत होती. सावली ती सावली. मी तिथे कंद लावले.

मग काहीच झालं नाही. दोन महिने काहीच नाही. एका रविवारी मी चमच्याने उकरून बघत होतो, तर पाठीत धपाटा बसला. वय माझं पंचेचाळीस.

"झोपलेल्याला असं उठवतात काय रे?" आई म्हणाली.

फाल्गुनात नवंच संकट आलं. आमची होळी दरवर्षी गेटबाहेर पेटते, पण यंदा तिथे गटाराचं काम निघालं होतं. होळी उभी करायला खड्डा हवा, खड्ड्याला माती हवी, आणि माती फक्त माझ्याकडे. सेक्रेटरी पहार घेऊन हजर.

"भाई, इधर तो कुछ है ही नहीं."

"है. सो रहा है."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या बायकोकडे फार कणवेने बघितलं, आणि उद्या येतो म्हणाले.

त्या रात्री मी माळ्यावर चढलो, गणपतीच्या मखराची प्लास्टिकची शेवंती खाली काढली आणि त्या पट्टीत ओळीने खोचून टाकली. सकाळी सेक्रेटरींनी लांबूनच हात जोडले. "जाग गये! फूलों पे होली? पाप लगेगा!" शेवटी पार्किंगमधले ब्लॉक उचकटून तिथे होळी झाली.

मी मनातल्या मनात विजय साजरा करतोय तोवर वरच्या मजल्यावरच्या काकू शेवंतीला पाणी घालू लागल्या. "सुकतायत हो बिचारी," म्हणून रोज एक तांब्या. प्लास्टिक आहे म्हणावं तर बातमी सेक्रेटरींपर्यंत जाणार. गप्प बसावं तर कंद कुजणार. मी गप्प बसलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

पाडवा झाला आणि एका सकाळी शेवंतीच्या मधोमध, मातीला अगदी चिकटून, एक पांढरं-जांभळं फूल बसलेलं दिसलं. मी ओरडलो. आवाज ऐकून आधी सेक्रेटरीच धावत आले. त्यांनी चष्मा लावून नीट पाहणी केली.

"ये एक नकली लगता है," ते भुईचाफ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "बाकी सब असली."

आई भिंत धरत धरत आली. गुडघ्यांचा विचार न करता खाली बसली आणि नाक पार मातीपर्यंत नेऊन वास घेतला. किती तरी वेळ ती तशीच होती. तिला उठवायला मी आणि सेक्रेटरी, दोघं लागलो.

"ती शेवंती काढू नको हां," ती म्हणाली. "त्या वरच्या बाईला वाईट वाटेल."

दुपारी कपाटाचं दार वाजलं. मी बघायला गेलो नाही, धीरच झाला नाही. थोड्या वेळाने आईच बाहेर आली आणि तिने ती पिशवी माझ्या हातात दिली. पिशवी रिकामी होती.

"हिच्यातून शेणखत घेऊन ये," ती म्हणाली.

भाईंदरात शेणखत कुठे मिळतं ते मला अजिबात ठाऊक नव्हतं. मी चपला घालून निघालोसुद्धा.