एमआरआयच्या हेडफोनमधली बाई

"लग्न झालं ना, की बसेल सगळं जागेवर," बाहेर मावशी आईला सांगत होती. दार नीट लागलं नव्हतं. मी उल्हासनगरच्या एका स्कॅन सेंटरमध्ये एमआरआयसाठी आडवी झाले होते. साल २००७.

मी असलं काही मानत नाही. अंबरनाथ पूर्वेचं आमचं बौद्ध घर... अंगात येणं, भूतबाधा हे शब्दही तिथे चालत नाहीत. तरी लिहितेय.

दोन वर्षं मला धड बसता येत नव्हतं. बसलं की खाली आग व्हायची, लघवीला सारखं जावं लागायचं. पण आमच्याकडे मुली 'तिथलं' दुखणं सांगत नाहीत, कंबर म्हणतात. मीही प्रत्येक डॉक्टरला कंबरच सांगितली. एक्स-रे नॉर्मल यायचा, "टेन्शन घेऊ नकोस" म्हणायचे. आताही चिठ्ठीवर कंबरेचाच एमआरआय होता. हाही नॉर्मल आला की मावशीने आणलेलं स्थळ बघायचं, असं घरी ठरलं होतं.

मशीनची धडधड मध्येच थांबली. हेडफोनमध्ये एक बाई म्हणाली, "कुठे दुखतं गं?"

सवयीने म्हणाले, "कंबर."

"कंबर नको सांगूस मला. कुठे?"

काही झालं तर दाबायला हातात रबरी बल्ब दिला होता, तो मी घाबरून दाबला. मशीन चालवणारे सिंधी काका धावत आले, मला बाहेर सरकवलं. "क्या हुआ बेटा?"

"वो लेडी कौन थी... मराठी बोलणारी?"

"कौन लेडी? मैं अकेला हूँ. माइक को हाथ भी नहीं लगाया."

आई आणि मावशी दारात आल्या. "लहानपणापासून घाबरटच आहे ही," मावशी काकांना म्हणाली.

त्या दिवशी काकांनी आतल्या डॉक्टरांना विचारून आणखी खालचे फोटो काढले. माकडहाडाच्या वर, नसांच्या मुळाशी पाण्याच्या दोन गाठी निघाल्या. "पुष्कळांना असतात, काही होत नाही," नंतर मोठे डॉक्टर म्हणाले, "पण तुझ्या नसा दाबताहेत. दुखणं खरं आहे." आई रडत होती आणि मी चक्क हसत होते. स्थळ राहिलं बाजूला, उपचार सुरू झाले.

ती बाई कोण, मला आजही माहीत नाही. दुसऱ्या खोलीतलं बोलणं हेडफोनमध्ये आलं म्हणावं... तर माझं उत्तर तिला कसं ऐकू गेलं? एवढंच सांगू शकते, की दारात मावशी बोलत असतानाच मी उठून बसले आणि तिघांसमोर मोठ्याने म्हणाले —

"माझी कंबर दुखत नाही. खाली दुखतं, बसते तिथे, आणि पुढे लघवीच्या जागी. तिथले फोटो काढा."