कांडप यंत्राचा मालक

एरंडोलजवळच्या आमच्या गावात मी पूर्वी उखळात मसाला कुटून द्यायची. लोकांना माझ्या हातचा काळा मसाला आवडायचा. आमच्या बचत गटाच्या अध्यक्ष अक्का एकदा म्हणाल्या, "हात मोडी लेशी का? यंत्र ले. गट कर्ज दी." मी मिरची कांडप यंत्र घेतलं आणि ओसरीवर बसवलं.

पहिल्याच उन्हाळ्यात ओसरीवर डब्यांची रांग लागली. दिवसभर मिरचीचा ठसका, डोळे लाल, पण झोप गाढ लागायची.

नवरा दुसऱ्याचा टेम्पो चालवायचा. धंदा चालतोय म्हटल्यावर त्यानं नोकरी सोडली आणि गल्ल्यावर बसायला लागला. मी म्हटलं, "गल्ला मी बघते की." तो म्हणाला, "गल्लावर माणूस जोयजे. तुले काय समजस?" मग पाटी रंगवून आणली. खाली ठळक अक्षरात प्रो. प्रा. म्हणून त्याचंच नाव. गटाला पैसे देणाऱ्या बँकेच्या मॅडम पाहणीला आल्या तेव्हा सगळी उत्तरं त्यानंच दिली. मी आत धणे भाजत होते. मॅडमनी जाताना त्याचं कौतुक केलं: बायकोला इतकी साथ कोण देतं?

पुढच्या वर्षी भाचीच्या लग्नाला मी शिरपूरला गेले. परत आले तर ओसरी रिकामी. फरशीत बोल्टची भोकं, त्यांत लाल भुकटी. दारात जुना टेम्पो उभा.

"यंत्र कुठंय?"

"ईकी दिधं," तो टेम्पो पुसत म्हणाला. "जामनेरना गिऱ्हाईकनी पैसा दिधा, त्यामा हाऊ टेम्पो लिधा."

"यंत्र विकलं, आणि गटाचा हप्ता?"

"कर्ज तुन्हा नावनं शे. तू भर."

मी अक्कांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, म्हणाल्या, "नवरा शे. काय करशी?" मग मी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून हप्ते भरले. टेम्पोत बसून कधी कुठं गेले नाही.

कर्ज फिटलं त्या सुमारास गटात एका नव्या सुनेनं शिलाई मशीनसाठी कर्ज मागितलं. तरतरीत मुलगी, ब्लाऊज सुरेख शिवायची. अक्का म्हणाल्या, "आधी नवऱ्याला घेऊन ये. त्याची सही लागेल."

"हप्ता मी भरणार. त्यांची सही कशाला?"

अक्कांनी माझ्याकडे बोट केलं. "हिचं काय झालं ते माहीत नाही का? तेव्हापासून आम्ही शहाण्या झालो."

बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. माझं यंत्र नवऱ्यानं विकलं, म्हणून आता प्रत्येक यंत्राला नवऱ्याची परवानगी. हे शहाणपण मी कष्टानं फेडलेल्या कर्जातून निघालं होतं. बोलायला तोंड उघडलं, पण अक्का पुढच्या विषयाकडे वळल्या होत्या.

ती मुलगी उठून गेली. पुढं कळलं, तिनं गावात येणाऱ्या फायनान्सवाल्याकडून जास्त व्याजानं मशीन घेतली. गटातल्या बायका म्हणतात, पोरगी भलती आगाऊ आहे.

ब्लाऊज मात्र सगळ्या तिच्याकडेच टाकतात.