दुसरी चाबी

उज्जैनच्या फ्रीगंजातल्या ज्या हॉटेलात मी काउंटर सांभाळते, तिथे दर्शनापेक्षा कामाने येणारी माणसं जास्त. मालक हिंदी, स्टाफ हिंदी. आमचं मराठी घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलंच, तरी दिवसभर माझ्या तोंडी हिंदीच. म्हणून कुणी मराठी बोललं की मी विरघळते. मेला स्वभावच तसा!

पुण्याची एक बाई दर दोन-तीन महिन्यांनी यायची, एकटीच. भैरवगढला जाऊन दुकानासाठी छापाच्या चादरी निवडायची. गेल्या खेपेला फॉर्म भरता भरता हळूच म्हणाली, "काकू, मी नवऱ्याला सोडलंय. तो माझ्या मागावर असतो. कुणी विचारलं तर मी इथे नाही म्हणून सांगा."

"अगं, मी बसलेय ना इथे. बिनधास्त राहा," मी म्हटलं. मोठी आले मी सांगणारी!

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भैरवगढहून येऊन खोलीत आडवी झाली होती. तेवढ्यात एक माणूस आला. नीटनेटका, हातात डबा. "नमस्कार काकू. पुण्याची चादरीवाली उतरलीये ना इथे, मी तिचा मोठा भाऊ. आईनं डिंकाचे लाडू पाठवलेत. नवऱ्यापायी पोरीनं फार सोसलं हो."

बाहेरचं कुणी आलं की आधी खोलीत फोन लावायचा, ओळखपत्र बघायचं, हा नियम. हिंदीवाल्यांना मी तो दहादा ऐकवते, "भाईसाब, रूल मतलब रूल." याला मात्र मी खुर्ची दिली, पाणी दिलं, माहेर कुठलं ते सांगत बसले. नवरा राक्षस निघाला, पण भाऊ तरी धावून आला, म्हणून मला भरून आलं. "फोन नको, एकदम तिच्यासमोर जाऊन उभा राहतो," तो म्हणाला. आणि मी तिच्या खोलीची दुसरी चाबी त्याच्या हातात ठेवली. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, दुसरं काय!

किंकाळी खालपर्यंत ऐकू आली. स्टाफ वर पोचला तोवर तिचं मनगट मोडलं होतं, ओठ फाटला होता. भाऊ कसला, तो नवराच होता. मागच्या जिन्याने पळाला तो आजतागायत पोलिसांना सापडलेला नाही.

मालक मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "मॅडम, आपसे ये उम्मीद नहीं थी," एवढंच म्हणाले. मी घरी जाऊन रडले. शरमेनं जेवण जाईना.

दोन दिवसांनी ती प्लास्टरमधला हात सांभाळत निघाली. मी तिची बॅग ऑटोत ठेवली. माफी मागायची होती, पण तोंडून भलतंच निघालं.

"आता कुठे उतरणार गं?"

तिनं आधी ऑटोवाल्याला चल म्हणून खूण केली, मग माझ्याकडे पाहिलं.

"ते तुम्हाला नाही सांगणार, काकू."